मी दोघंच म्हणालो होतो

...आणि मी दोघंच म्हणालो होतो हो! तुम्हाला सांगतो, अगदी स्वच्छ, अक्षर अन् अक्षर सुटं करून, दो-घं, वर फोनवर कोणी बघत नसताना दोन बोटंसुद्धा वर धरली होती. इशबेल, म्हणजे माझी बायको, समोर बटाटे सोलत बसली होती, ती साक्षीला आहे. तरी पलीकडून मिसेस मकाय काय म्हणाव्यात? "हो हो, मिस्टर बेअर्ड, तुमच्या तिन्ही खोल्या ठेवल्यात की, बारा मेपासून."

आता या मिसेस मकाय म्हणजे पोर्टस्केलच्या. तिकडे स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला, सदरलंडमध्ये, समुद्राच्या कडेला त्यांचं छोटंसं पाहुण्यांचं घर आहे. एकतीस वर्षं आम्ही मे महिन्यात तिथंच उतरतो. आम्ही म्हणजे मी, नील आणि वॉटी. मी पर्थला औषधांचं दुकान चालवलं, नीलनं अर्ध्या गावाचे दात उपटले, आणि वॉटी ड्रमंड शाळेत भूगोल शिकवायचा. सहलीची आखणी सगळी वॉटीकडे. सकाळी गोल्फ, दुपारी इतिहास! म्हणजे सकाळी वाऱ्यात चेंडू हरवायचे आणि दुपारी कुठल्यातरी दोन हजार वर्षांच्या पडक्या बुरुजापाशी उभं राहून वॉटीचं व्याख्यान ऐकायचं, तेही वाऱ्यातच. किती वाजता निघायचं, कुठल्या वळणावर सूप प्यायचं, कुठला किल्ला, कुठली लढाई, कोणी कोणाचं मुंडकं कुठं पुरलं... सगळं त्याच्या निळ्या वहीत. आम्ही दोघं नुसते गाडीत बसायचो.

तर हा वॉटी नोव्हेंबरमध्ये गेला.

झोपेत गेला. कुणाला त्रास नाही. म्हणून यंदा आखणी माझ्या गळ्यात पडली, आणि म्हणून मी मार्चमधल्या एका सोमवारी सकाळी दहा वाजता मिसेस मकायना फोन लावून म्हणालो, दोघं. तर त्या म्हणतात तीन! मी म्हटलं, बाई, तिघं मागच्या वर्षी होतो. तर म्हणतात, नाही, नाही, यंदाचंच, गेल्या गुरुवारी मिस्टर ड्रमंडांचाच फोन आला होता. त्यांना नेहमीची समुद्राकडची खोली, एक ब्लँकेट जास्त, आणि सकाळी तो धुरावलेला मासा मुळीच नको.

मी विचारलं, कुठले ड्रमंड? त्या हसल्या. म्हणाल्या, अहो तेच, वाक्याच्या आधी घसा खाकरतात ते. आणि मग म्हणाल्या, "वारा फार होता फोनमध्ये. मी म्हटलं, खिडकी तरी लावून घ्या. तर म्हणाले, इथं खिडकीच नाहीये."

आता यावर माणसानं काय बोलायचं? तुम्ही काय बोलला असतात? मी म्हटलं, बरं. आणि फोन ठेवला. पर्थहून पोर्टस्केल चार तासांवर, तिथं कोणाला कळवायचं राहिलं असेल, हे समजू शकतो. पण गुरुवार? गुरुवारी त्याला जाऊन चार महिने झाले होते!

इशबेलला सांगितलं. ती बटाट्यावरची नजर न काढता म्हणाली, तूच केला असशील फोन, आणि विसरला असशील. मी! मी घसा खाकरतो? मग ती म्हणाली, हल्ली खाकरतोस.

मग आला संशय नीलवर. मेल्याला चेष्टेची खोड पहिल्यापासून. दवाखान्यात खोटी कवळी टेबलावर चालवायचा. गेलो त्याच्याकडे. म्हटलं, तू वॉटीचा आवाज काढून मिसेस मकायना फोन केलास का रे? तो म्हणाला, काय? मी ओरडून विचारलं. तो म्हणाला, फोनवर मला माझाच आवाज ऐकू येत नाही, दुसऱ्याचा कुठून काढू? आणि हे खरं होतं हो. त्याच्या कानात दोन्हीकडे यंत्रं, फोन घेते ती बायको. मग त्याचा चेहरा पडला. म्हणाला, "फर्गस, असल्या बाबतीत चेष्टा करू नये." मला म्हणाला! मी दोघंच म्हणालो होतो, आणि बोल मलाच!

मग मी विचार केला, जाऊ दे, म्हातारी बाई आहे, तारखांचा घोळ झाला असेल. आता गोल्फ क्लबला फोन लावावा. तिथले सेक्रेटरी मिस्टर सिंक्लेअर म्हणजे सरळ रेघ. माजी दर्यावर्दी, घोळ घालणारा माणूस नाही. म्हटलं, चौदा मे, सकाळची वेळ, दोघं. पलीकडे पानं उलटल्याचा आवाज. "दहा वीस. तिघं. ड्रमंड, बेअर्ड, नील गॅलब्रेथ." मी म्हटलं, हे कधी लिहिलंत? म्हणाले, काल. मी म्हटलं, दोघं लिहा. म्हणाले, "लिहितो, पण तुमच्या मित्राचा निरोप आहे. चौदाव्या होलपाशी तुम्हाला वेळ लागेल, मागच्या मंडळींना थांबवून ठेवा."

आणि इथं, तुम्हाला सांगतो, मी खुर्चीत बसलो. कारण चौदावं होल म्हणजे काय, हे जगात तीन माणसांना माहीत होतं. त्यातला एक मी, एक बहिरा, आणि एक... असो.

आता सांगूनच टाकतो. कुणाला सांगितलेलं नाही. इशबेललाही नाही.

मागच्या मेमधली गोष्ट. आमच्या तिघांत एक जस्ताचा पेला आहे, आपटून आपटून वाकडा झालेला. जो जिंकेल त्यानं तो वर्षभर घरी ठेवायचा, बस. शेवटचा दिवस, वॉटी आणि मी बरोबरीत, आमचा डाव नेहमी जिथं संपतो ते चौदावं होल. तिथं उजव्या हाताला जुन्या चॅपलची, म्हणजे छोट्या चर्चची, पडकी भिंत आहे आणि पुढे हीदरची झुडपं, गुडघाभर, घट्ट. वॉटीचा चेंडू गेला सरळ त्यात. मी शोधायला आधी पोचलो. पाय टाकला आणि बुटाखाली काहीतरी कडक लागलं, सटकलं, आणि चेंडू टुणकन् बाहेर, कापलेल्या स्वच्छ गवतावर! चुकून हो! शपथेवर सांगतो, चुकून. आता सांगणार, तेवढ्यात वॉटी वाळूच्या उंचवट्यावरून खाली आला, चेंडू बघितला, माझ्याकडे बघितलं, आणि हसला. काहीतरी वेगळंच हसला. आणि मारला. असा मारला की थेट झेंड्यापाशी.

होल गेलं. पेला गेला. आणि हरल्याच्या रागात माझ्या तोंडून निघालं, नीलच्या देखत निघालं, की चेंडू आपोआप बाहेर आला, वॉटी, की त्याला पाय फुटले?

त्यानं पेला चॅपलच्या भिंतीवर ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं एकटाच परत गेला. मे ते नोव्हेंबर आम्ही बोललो नाही. सहा महिने! दोन गल्ल्या सोडून राहतो आम्ही. फोनपाशी मी रोज जायचो, आणि म्हणायचो, उद्या. मग एके दिवशी उद्या संपला. अंत्ययात्रेला मी फाटकाशी उभा राहिलो, आत गेलो नाही.

तर आता मला सांगा, सिंक्लेअरना चौदाव्या होलचं कोणी सांगितलं?

राहिली एकच व्यक्ती. एल्स्पेथ, वॉटीची बायको, त्यानं घरी सांगितलं असलं तर. बुधवारी दुपारी गेलो. तिनं दार उघडलं, मला बघून जराही आश्चर्य नाही, जणू मी रोज येतो. आत घेतलं, चहा ठेवला. वॉटीची खुर्ची तशीच खिडकीशी. मी चहा न पिता एका दमात सगळं सांगितलं. दोघं म्हणालो होतो, तीन झाले, गुरुवार, खिडकी नाही, दहा वीस, चौदावं होल. तू केलेस का फोन?

नाही, म्हणाली. मग म्हणाली, "निळी वही मला नोव्हेंबरपासून सापडत नाहीये. मला वाटलं, तू नेलीस."

मी कशाला नेऊ?

मग ती म्हणाली, "त्यानं तुला बघितलं होतं, फर्गस. उंचवट्यावरून. तुझ्या पायानं चेंडू बाहेर आलेला."

माझ्या पायाखालची, काय म्हणतात ती, ती वाळू सरकली.

ती सांगत होती. शेवटचं वर्षभर त्याचे हात कापायचे, कुणाला कळू दिलं नव्हतं, ही शेवटचीच सहल असं तिला बोलून गेला होता. आणि त्यानं जे बघितलं, त्यावरून त्याला वाटलं, फर्गसला कळलंय. फर्गसनं मुद्दाम माझा चेंडू बाहेर काढून दिला, मला एकदा जिंकू द्यावं म्हणून. असं करू नये, खेळात बसत नाही, हे कळत असूनही त्यानं तो मारला, कारण तुझं मन मोडवेना. "आणि मग तूच त्याला चोर म्हणालास," ती म्हणाली. "नोव्हेंबरपर्यंत मला विचारत होता. द्यायचं नव्हतं तर दिलं कशाला, आणि दिलं तर असं बोलला कशाला? त्याला कोडं उलगडेना."

मी म्हटलं, एल्स्पेथ, मी काही दिलं नव्हतं. माझा पाय पडला. नुसता पाय पडला.

ती माझ्याकडे बघत राहिली. आणि मग हसायला लागली हो. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली, आणि मग ते पाणी हसण्याचं राहिलं नाही. म्हणाली, "सहा महिने तो माणूस झोपला नाही, आणि नुसता पाय? जा, सांग त्याला."

कसं सांगू?

"तो तुला चौदाव्या होलपाशी वेळ ठेव म्हणतोय ना?" आणि माझ्या पुढ्यातला गार चहा उचलून नेला.

घरी आलो. कोट काढतोय तर फोन. मिसेस मकाय. म्हणाल्या, बरं झालं भेटलात, मिस्टर ड्रमंडांचा आत्ताच फोन येऊन गेला, एक खोली रद्द केली. मी म्हटलं, त्यांची स्वतःची ना? केवढ्या आशेनं म्हटलं, काय सांगू तुम्हाला! तर म्हणाल्या, नाही, मिस्टर गॅलब्रेथांची. त्यांचा गुडघा.

मी म्हटलं, दोन मिनिटं. नीलला लावला. बायकोनं उचलला, म्हणाली, तो अजून डॉक्टरकडून आला नाही. तेवढ्यात मागे दार वाजलं, ती बोलली त्याच्याशी, मग तो स्वतःच फोनवर आला आणि ओरडून म्हणाला, "फर्गस, गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. मेमध्ये. मला येता यायचं नाही. हिलासुद्धा आत्ता, या क्षणी सांगतोय." मी ओरडून म्हटलं, मला माहितेय. तो म्हणाला, काय? मी म्हटलं, काही नाही, गुडघा जप.

बघा म्हणजे! मी दोघंच म्हणालो होतो, आणि दोघंच झालो. हे असं मोजायला मी कुणाला सांगितलं होतं? इशबेल म्हणाली, जाऊ नकोस. मी म्हटलं, आता न जाऊन कसं चालेल? एल्स्पेथला काय सांगू? आणि खरं सांगू का... जावंसं वाटत होतं. एवढं एक वाक्य सांगायचंय मला, चार शब्दांचं, माझा नुसता पाय पडला, आणि ऐकणारा स्वतः वेळ राखून बसलाय, असं नशीब कितीजणांचं असतं?

परत मिसेस मकायना लावला. म्हटलं, ठीक आहे बाई, मी आणि मिस्टर ड्रमंड, दोघं. त्या म्हणाल्या, "छान. ते विचारत होते, गप्पा मारायच्या आहेत, तर दोघांना मिळून एकच खोली चालेल का?"

मी डोळे मिटले, दीर्घ श्वास घेतला, आणि घसा खाकरून म्हणालो, "नको बाई, वेगळीच द्या... तो घोरतो."