आरशाची थरथर

अरे, आमच्या मैत्रेयीचं ऐका. अवकाशातून येणाऱ्या गुरुत्वलहरी टिपतात ना, त्या यंत्राच्या आरशांवर माझी लेक काम करते. इथे आमच्या बालीगंजच्या घरी आली होती, दुसऱ्या दिवशी परत निघायची होती. सांगत होती, "उष्णतेने आरशातले कण थरथरतात, त्यात ती बारीकशी लहर हरवते. म्हणून आरसा गार करायचा."

"मग ठेवा फ्रीजमध्ये!" आमची ही म्हणाली.

"आई, फ्रीज स्वतःच थरथरतो ना!"

तेवढ्यात वीज गेली. पंखा थांबला, फ्रीज थांबला. सगळी दुपार तळ्याच्या तळाशी जाऊन बसल्यासारखी झाली.

"अशी शांतता हवी आम्हाला," मैत्रेयी कुजबुजली.

आमची ही डोळे मिटून कितीतरी वेळ ऐकत राहिली. मग हळूच म्हणाली, "छातीत घरघर होतेय तुझ्या. उद्याचं तिकीट रद्द कर."