आमचे हे रोज सकाळी मरतात

नाही, पण मी म्हणते, माणसानं मरावं तरी किती? काही सुमार? आज सकाळी सात ते सव्वासात, पंधरा मिनिटांत, तुम्हाला सांगते, आमचे हे एकोणचाळीस वेळा मेले! एकोणचाळीस! मी मोजते ना... शेजारीच माझं शिलाईचं मशीन, पडदे शिवता शिवता मोजायला काय लागतं? मेले, उठले, निघाले! मेले, उठले, निघाले! आणि सव्वासात वाजता ते कानावरचं हेडफोनचं टोपडं काढून मला म्हणतात कसे, "आज हात छान बसला होता गं!" एकोणचाळीस वेळा मेलेला माणूस! म्हणे हात छान बसला!

अहो, घाबरू नका, खेळ तो! कॉम्प्युटरवरचा, बंदुकांचा. खऱ्या सामन्यात पाच जण या बाजूला, पाच त्या बाजूला. पण सामन्याआधी हात मोकळा करायला एक सरावाचा प्रकार असतो, डेथमॅच म्हणतात त्याला. नाव ऐकूनच मला धडकी भरली होती. त्यात बाजूबिजू काही नाही, दिसेल त्यानं दिसेल त्याला मारायचं, आणि मेलं की दोन सेकंदांत भलत्याच कोपऱ्यात धडधाकट उभं राहायचं. की परत पळापळ. श्वास घ्यायला फुरसत नाही. नेम सुधारतो म्हणे त्यानं.

आता हे करणारा माणूस कोण, ते ऐका. आमचे हे अठ्ठावीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवतात. शिकणाऱ्यांनी यांचं नाव ठेवलंय 'सावकाश सर'. रस्त्यावर चिटपाखरू नसलं तरी इंडिकेटर देणारा माणूस हो! घरात खुर्ची मागे सरकवायची तर आधी मागे वळून बघतात. मला लग्नाचं विचारायला यांनी चार वर्षं घेतली, आणि चार वर्षांनीसुद्धा विचारलं कोणी? मीच! असा माणूस, आणि कुठे, तर डेथमॅचमध्ये... मेले, उठले, निघाले!

याला कारण आमची लेक. कुरिअरच्या ऑफिसात कामाला आहे, तेवीस वर्षांची. तिथल्याच चार मैत्रिणी आणि ही, अशी पाच जणींची टीम. दोन वर्षं कामावरून आल्या की आपापल्या घरी कॉम्प्युटरसमोर बसायच्या. बोलायच्या काय, "डावीकडे दोन, डावीकडे दोन!" मला वाटायचं पार्सलंच मोजतायत. तर या वर्षी शहरातल्या एका कॉम्प्युटरच्या दुकानानं स्पर्धा ठेवली, या पोरींनी नाव दिलं, आणि स्पर्धेला सहा आठवडे उरले असताना पाचवी मुलगी बदली होऊन दुसऱ्या गावी गेली. तिथे ना धड इंटरनेट, ना सुट्टी. चौघींना खेळता येत नाही. पाच म्हणजे पाच. लेकीनं सगळ्या ओळखीच्यांना फोन केले. कोणी मिळेना. शेवटचा फोन ठेवला आणि गॅलरीत वाळत घातलेल्या चादरीमागे जाऊन रडली. चादरीमागे! म्हणजे आम्हाला कळायला नको.

तर हे उठले. गॅलरीच्या दारात उभे राहिले. चादरीला म्हणाले, "मी चालेन का?"

आता यातली गोम तुम्हाला कळायची नाही. पाच वर्षांपूर्वी लेक यांच्याकडेच गाडी शिकायला बसली होती. दोन दिवस. दोनच! ती चालवतेय आणि हे शेजारी बसून अखंड सुरू, "आरसा बघ, क्लच दाब, समोर बघ, सायकल येतेय, आरसा बघ..." दुसऱ्या दिवशी पोरीनं भर रस्त्यात गाडी बाजूला घेतली, "बाबा, मला बघू तरी द्या!" म्हणून ओरडली, किल्ली यांच्या मांडीवर टाकली आणि चालत घरी आली. तेव्हापासून दोघांचं बोलणं म्हणजे काय, "जेवलीस?" "हो." "दिवा बंद कर." "केला." पाच वर्षं हो! भांडण नाही, काही नाही, नुसतं... दिवा बंद कर.

आणि हे चादरीला विचारतायत, मी चालेन का.

चादरीमागून आवाज आला, "बाबा, तुम्ही ओव्हरटेक करायच्या आधी पुढच्या गाडीची परवानगी मागता."

हे म्हणाले, "शिकव."

एवढंच! अठ्ठावीस वर्षं शिकवणारा माणूस, पोटच्या पोरीला म्हणतो, शिकव. माझ्या हातातली सुई तशीच राहिली, तुम्हाला खोटं नाही सांगत.

पण शिकणं म्हणजे काय दिव्य! पहिल्या दिवशी यांनी माऊस दोन्ही हातांनी धरला. स्टिअरिंग! लेक म्हणाली, "बाबा, एका हातानं." हे म्हणाले, "सुरक्षित वाटत नाही." पडद्याच्या मधोमध एक हिरवं अधिकचं चिन्ह असतं, ते समोरच्याच्या डोक्यावर आणायचं आणि बटण दाबायचं, झालं. पण हे प्रत्येक कोपऱ्यावर थांबून आधी उजवीकडे बघायचे, मग डावीकडे, मग परत उजवीकडे... तोवर मेले. उठले. निघाले. पुढचा कोपरा! उजवीकडे, डावीकडे... मेले!

चौथ्या दिवशी यांच्या हातून पहिल्यांदा एक जण मेला. हे आनंदानं नाचले असतील म्हणता? खेळात हे उभेच! पडद्याजवळ तोंड नेऊन मला विचारतात, "त्याला फार लागलं नसेल ना गं?" तेवढ्यात मागून कोणीतरी यांनाच उडवलं.

आणि ओरडणं! "मेलो! अगं, परत मेलो!" घर नुसतं दणाणायचं. खालच्या मजल्यावर एक निवृत्त नर्सबाई राहतात. एकदा सकाळी त्या रक्तदाबाचं मशीन घेऊन धापा टाकत वर आल्या. "काय झालं? कुठे दुखतंय?" तर हे मान न वळवता म्हणतात, "डोक्यात बाई. तिन्ही वेळा डोक्यात." बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी चहा ठेवला.

त्यातून यांचा पाय! शिकवायच्या गाडीत यांच्या बाजूलाही एक ब्रेक असतो ना, विद्यार्थी गडबडला की दाबायला. अठ्ठावीस वर्षांची सवय. कोणी समोर आला की उजवा पाय खाडकन खाली! आणि टेबलाखाली काय आहे? माझ्या मशीनचं पेडल! मी आपली सुईखाली कापड नीट लावतेय, यांच्यासमोर शत्रू आला, यांनी ब्रेक मारला, की माझं मशीन घर्रर्र करत वीतभर पुढे! एका दवाखान्याचे आठ पडदे मी असे वाकडे शिवले. दवाखान्यानं विचारलं, ही नागमोडी डिझाइन का? म्हटलं, फॅशन आहे.

पण तुम्हाला सांगते, त्या पायानंच सगळं केलं. झालं काय, तिसऱ्या आठवड्यात लेकीचा धीर सुटला. म्हणाली, "बाबा, तुम्ही पळता पळता गोळ्या मारता, म्हणून त्या कुठेही जातात! आधी थांबायचं, मग मारायचं!" हे एकदम सरळ बसले. "म्हणजे... आधी ब्रेक?"

"हो! आधी ब्रेक!"

"मग हे पहिल्या दिवशी नाही का सांगायचं?"

आणि सुरू झाले. पळाले, ब्रेक, गोळी. पळाले, ब्रेक, गोळी. माझं मशीन घर्र, घर्र, घर्र... आणि त्या दिवशी पंधरा मिनिटांत यांनी अकरा जणांना झोपवलं! लेक पुढे सांगायला लागली, "आता बाबा, ते चिन्ह भिंतीवर, जमिनीवर फिरवू नका. जिथून माणूस निघणार आहे तिथेच आधी धरून ठेवा." हे हसले. म्हणाले, "अगं, गल्लीतून कोण कधी अंगावर येईल, हेच तर मी आयुष्यभर बघत आलोय." आणि मग ती शिकवायची आणि हे सांगायचे, आणि हे सांगायचे आणि ती लिहून घ्यायची! टीममधल्या तिघींना पाठवायची! मी पेडल उचलून टेबलाच्या दुसऱ्या बाजूला नेलं आणि गप्प शिवत बसले. 'दिवा बंद कर'वाल्या घरात दोन माणसं तासतासभर बोलत होती. त्यात मी कशाला तोंड घालू?

तरी मरणं काही थांबलं नाही हं! सकाळी सात वाजले की मेले, उठले, निघाले. मी एकदा वैतागून विचारलं, "अहो, इतक्या वेळा मरून कंटाळा नाही येत?" म्हणाले, "गाडी बंद पडली की परत सुरू करायची. मी विद्यार्थ्यांना हेच सांगतो. आता मला कळतंय, त्यांना कसं वाटत असेल."

स्पर्धेच्या दिवशी मीही गेले. थंडगार हॉल, रांगेत कॉम्प्युटर, खुर्च्या अशा की विमानातून काढून आणल्यासारख्या. दारावरचा माणूस यांना म्हणाला, "काका, पालकांनी मागे बसायचं." हे म्हणाले, "मी खेळाडू आहे." त्यानं कागद बघितला. यांच्याकडे बघितलं. परत कागद बघितला. वय सोळाच्या वर हवं असं लिहिलं होतं, किती वर ते लिहायचं राहिलं होतं.

सामन्याआधी दहा मिनिटं सराव. हे बसले, आणि सगळ्यांसमोर बावीस वेळा मेले. मागे समोरच्या टीमची मुलं उभी होती, एकमेकांना कोपरानं ढोसत हसत होती. माझे कान तापले. यांना काही नाही! मेले, उठले, निघाले...

पण खरा सामना वेगळा हो. तिथे मेलं की मेलं, डाव संपेपर्यंत नुसतं बघत बसायचं. तेरा डाव जो आधी जिंकेल तो जिंकला. आणि गाडी आली कुठवर? बारा-बारा! शेवटचा डाव. माझ्या हातात रुमाल होता, त्याची वात झाली. आधी आमच्या टीमची उंच मुलगी गेली. मग चष्मेवाली. मग तिसरी. मग आमची लेक. राहिले हे एकटे, आणि समोर दोघं!

तिन्ही मुली एकदम ओरडायला लागल्या, "काका मागे! काका पळा! काका उजवीकडे!" आणि लेक... लेकीनं हात वर केला. म्हणाली, "गप्प बसा. बाबांना बघू द्या."

हे एका कोपऱ्याशी थांबले. पळाले नाहीत. चिन्ह भिंतीच्या कडेला, डोक्याच्या उंचीवर धरून ठेवलं. किती वेळ! मी देवाला हाक मारली, ती पोचली असती तेवढा वेळ. आणि एक जण बाहेर आला. यांचा पाय खाली, गोळी, तो गेला. आता कोणीही जल्लोष केला असता ना? हे हललेच नाहीत! चिन्ह तिथेच. आणि दुसरा, अगदी त्याच कोपऱ्यातून, पहिल्याच्या मागोमाग... गेला!

मग त्या चार मुली यांच्यावर अशा तुटून पडल्या की यांचा चष्मा कीबोर्डवर! समोरच्या टीमचा कॅप्टन आला. म्हणाला, "काका, रोज किती सराव करता?"

"पंधरा मिनिटं."

"फक्त?"

"हो, पण तेवढ्यात मी चाळीस वेळा मरतो."

पुढचा सामना हरलो. तेरा-चार. धुलाई झाली, त्यात लपवायचं काय? दुपारी तीनला आम्ही हॉलबाहेर होतो. पण लेक गाडीत पुढच्या सीटवर बसली. पाच वर्षांत पहिल्यांदा. मी मागे. हे तीसच्या वेगानं चालवतायत, मागची गाडी हॉर्न मारतेय, आणि लेक विचारतेय, "बाबा, तो दुसरा तिथूनच येणार हे कसं कळलं?"

"अगं, एक स्कूटर पुढे गेली की मागून दुसरी येतेच."

ती हसली, आणि खिडकीतून बाहेर बघत राहिली. घर येईपर्यंत यांनी तिला आरसा बघ म्हटलं नाही, आणि बघायचा तर आरसा यांचाच होता म्हणा.

महिन्याभरानं ऑफिसात नवीन मुलगी आली, नेम असा की विचारू नका. यांनी आपणहून जागा सोडली. मला वाटलं, सुटले! आता सकाळी शांतता. दुसऱ्या दिवशी सातला बघते तर हे कॉम्प्युटरसमोर हजर! म्हटलं, "अहो, आता सामना नाही, स्पर्धा नाही, टीमसुद्धा नाही. सराव कशाचा?" तर म्हणाले, "मला सरावच आवडतो. दिवसभर लोकांना चुकू नका, चुकू नका सांगत असतो. इथे चुकलं तरी दोन सेकंदांत परत उभं करतात."

आता अशा माणसाला काय बोलायचं, तुम्हीच सांगा! मी काही बोलत नाही. शेजारी बसते, पडदे शिवते, मोजते. फक्त आज काय झालं, खेळातल्या एका कपाटामागून एक जण येताना मला दिसला, आणि माझ्याच तोंडून निघून गेलं, "अहो, डावीकडे!" हे म्हणतात, "तू शिव गं. दिसलाय तो मला."

दिसला कसला डोंबल... मेले!