उका, उलट!

तबकडीला दोन बाजू कशाला लागतात हो? नाही, खरंच विचारतो. नानलाही दोन बाजू असतात, पण आपण काय अर्धी खाऊन, उठून, उलटून, मग उरलेली खातो का? मग गाण्याच्याच नशिबी हे का? ऐन रंगात येतं, ती बाई अशी वर वर चढत जाते, डोळे मिटलेले, वाटीतला चहा हातातच थंड झालेला... आणि खर्र, खर्र, खर्र! संपली बाजू! आता उठा, सुई उचला, तबकडी उलटा, पुन्हा सुई ठेवा. हे ठरवलं कुणी? शाळेत गाण्याच्या मास्तरांना विचारलं, तर म्हणाले, "इस्तम, तू आधी पाढे पाठ कर." पाढे राहिले, शाळा राहिली, प्रश्नही राहिला. मोहल्ल्यातल्या नोर बोबोंना विचारलं. पांढरीशुभ्र दाढी, अख्ख्या गल्लीचे आजोबा, उंटाच्या दातदुखीपासून कयामतीपर्यंत सगळं त्यांना ठाऊक. ते म्हणाले, "हमरोला विचार." आणि हमरो अकाला, म्हणजे माझ्या सख्ख्या थोरल्या भावाला विचारलं, की तो काय म्हणायचा?

"उका, उलट!"

उका म्हणजे धाकटा, अका म्हणजे थोरला. अका बसतो, उका उठतो. एवढं शिकलात की बुखाऱ्यात तुमचं भागलं.

आता तुम्ही म्हणाल, भाऊ आळशी होता का? छे! अहो, पहाटे उठून तंदुरात अर्धा आत वाकून नान लावायचा तो. कंबर पार गेलेली. दुपारी घरी आला, अंगणातल्या लाकडी तख्तावर टेकला, की मग भूकंप झाला तरी उठायचा नाही. तख्तावर गादी, गादीवर अका, शेजारी बाबांचा जुना रेकॉर्ड प्लेअर, आणि त्यावर ती बाई. बाईचं नाव मला विचारू नका, नाव कव्हरवर होतं आणि कव्हर उंदरांनी खाल्लं. पण काय गायची! आमचं जुनं दरबारी गाणं, मकोम म्हणतो आम्ही. सावकाश सुरू होतं, इतकं सावकाश की मला वाटायचं बाई विसरली बहुतेक. मी पंक्चर काढणारा माणूस, मला हवा भरली की चाक फिरलेलं लागतं! पण अका बोट वर करायचा. "थांब. येतेय ती." आणि ती यायची...

गल्लीही यायची. शेजारचा शारोफ न्हावी भिंतीवरून डोकं काढायचा, "हमरो, लावलीस का? आलो!" आणि गिऱ्हाईक अर्ध्या दाढीचं सोडून यायचा. तेही गिऱ्हाईक मागोमाग, गळ्यात टॉवेल, गालाला फेस! नोर बोबो बेदाणे आणायचे, शारोफची पोरगी सावरी यायची, आई किटल्यांवर किटल्या. सगळे बसलेले, आणि उठणारा कोण? बाजू संपली की सगळे चहा ओतून घेणार, माझ्याकडे बघणार, आणि अका डोळे न उघडता...

"उका, उलट!"

मला आली एकदा चीड. फोन आणला नवीन. म्हटलं, "अका, हे घे. सगळा मकोम या एका बोटाखाली. सुई नाही, धूळ नाही, उठायचं नाही, उलटायचं नाही." त्यानं ऐकलं हो, अगदी मन लावून ऐकलं. मग म्हणाला, "छान आहे. स्वच्छ आहे. पण उका, यात बाई दम घेत नाही, आणि तूही बसूनच राहतोस. मजा नाही." ठेवला फोन बेदाण्यांच्या ताटलीत!

आणि ती तबकडी तरी धड होती का? पहिल्या बाजूला मांजरानं नख मारलेलं. बाई गात गात एका शब्दावर यायची, "कुजोई", म्हणजे 'कुठे आहेस', आणि तिथं सुई अडकायची. कुजोई... कुजोई... कुजोई... तिसऱ्यांदा झालं की अका तख्तावर टाच आपटायचा, धप्प! आणि सुई पुढे. मी म्हणायचो, "अका, फेक ती, दुसरी आणू." तर म्हणतो कसा, "अरे, ती विचारतेय. उत्तर येत नाही म्हणून पुन्हा विचारतेय. तुझं काय जातं?"

माझं काय जातं!

मग तो गेला. तुम्हाला सांगतो, असंच, बसल्या जागी. दुपार होती, गल्ली अजून यायची होती, आम्ही दोघंच. पहिली बाजू संपली. खर्र, खर्र... आणि हाक नाही. मी म्हटलं, वा! अकाला लागली झोप, आज सुटलो! मुद्दाम वाजू दिलं. पाय पसरले, नानचा तुकडा मोडला, खाल्ला. खर्र, खर्र. दुसरा मोडला. खर्र, खर्र. शेवटी मीच ओरडलो, "अका, ओरड की रे!"

...

असो. आईनं रेकॉर्ड प्लेअर आत नेऊन त्यावर दस्तरखान, म्हणजे जेवणाची चादर, टाकला. चाळिसावा, म्हणजे माणूस गेल्याचा चाळिसावा दिवस, होईपर्यंत घरात गाणं नाही, आणि आमच्या घरात नाही म्हणजे गल्लीतही नाही. टीव्हीसुद्धा लोक कानाला लावून बघायचे. इतकी शांतता की मला पंक्चरमधली हवा ऐकू यायची!

आणि त्यात शारोफ आला. एरवी भिंतीवरून बोलणारा माणूस, दार वाजवून आला, सोबत नोर बोबो. दुवा झाली, नान मोडली, चहा ओतला, आणि शारोफ आपला वाटीत बघत बसला.

"बोल की," बोबो म्हणाले, "मी काय दाढी करायला आलोय?"

"इस्तमजान, सावरीचं लग्न... हमरो असतानाच ठरलेलं. गायक सांगून ठेवलाय. पण तुमचा चाळिसावा व्हायचाय. तू हो म्हणालास तर वाजेल. नाही म्हणालास तर पोरीला मुकाट पाठवू. राग नाही."

मला विचारत होते हो! घरातला कर्ता पुरुष म्हणून! ज्याला आजवर चहा काळा हवा की हिरवा एवढंही कुणी विचारलं नव्हतं! मी उठलोच. "नाही! नाही म्हणजे नाही! त्याचा आवाज बंद, तर सगळ्यांचा बंद!"

शारोफनं मान हलवली, टोपी सारखी केली. तेवढ्यात आतून आई, "खाली बस, गाढवा! ती पोर आपल्या तख्तावर गाणं ऐकत मोठी झाली. ती मुकी जाणार सासरी? तेही माझ्या हमरोच्या नावानं?"

बसलो. म्हटलं, "वाजवा. पण आवाज कमी."

बोबो म्हणाले, "लग्नात आवाज कमी? त्यापेक्षा पुलावात तांदूळ कमी सांग."

झालं लग्न. ताश्कंदचा गायक, चकचकीत कोट, कपाटाएवढे स्पीकर, अख्ख्या गल्लीत टेबलं मांडलेली. सावरीनं फर्माईश केली. कसली ते तुम्हीच ओळखा. गायक गायला लागला. चांगला गात होता हो, खोटं कशाला बोलू. आला त्या शब्दावर, "कुजोई", आणि गेला की पुढे सरळ! पण गल्ली? अख्खी गल्ली एका सुरात, कुजोई... कुजोई... आणि धप्प! सगळ्यांच्या टाचा! किटल्या उडाल्या, एक टरबूज गडगडत नवरदेवाच्या पायाशी!

गायक थांबला. "काय झालं?"

बोबो गंभीरपणे म्हणाले, "बेटा, तुझं चुकलं. ते तीनदा आहे. मग टाच."

"बोबो, मी उस्तादांकडून शिकलोय. एकदाच आहे."

"मग तुझ्या उस्तादांची तबकडी खराब असेल!"

हसले, असे हसले सगळे... आणि एकदम थांबले. माझ्याकडे बघायला लागले. आता काय करावं माणसानं? मीही हसत होतो, नाकातोंडातून पाणी, कशाचं ते मलाही ठाऊक नाही. गायक बिचारा शहाणा. पुन्हा गायला. तीनदा म्हणाला, टाच आपटली, शेवटपर्यंत गेला, घाम पुसला, म्हणाला, "आता काय गाऊ?"

सावरी ओढणीआडून म्हणाली, "आता दुसरी बाजू."

"कसली बाजू?"

सगळ्यांनी चहा ओतून घेतला. सवयच ती. ओतला, माझ्याकडे बघितलं, आणि वाट बघत बसले. कसली वाट बघता रे? कोण ओरडणार आहे आता?

कुणी ओरडलं नाही.

मग काय, उठलो. घरात गेलो, गल्लीकडची खिडकी उघडली, दस्तरखान काढला. तबकडी तशीच होती, त्या दुपारची, पहिली बाजू वर. दोन बाजू कशाला लागतात ते अजूनही मला कुणी सांगितलेलं नाही. फुंकर मारून धूळ उडवली, म्हटलं, "हो रे बाबा, हो, ऐकू आलं"... आणि उलटली.