बुरशीला जळकं ऑइल

...अन् वर लेक मलाच म्हणती, 'अप्पा, तुम्ही माझी बुरशी मारली!' आता तुम्हीच सांगा, तीस वर्षं उदगिरात आरा मशीन चालवून राहिलो. लाकडावर पांढरं दिसलं की ब्रश घ्यायचा, जळकं ऑइल फासायचं, एवढंच शिकलो की! हाताला कोण सांगणार?

तुम्हाला सांगतो, आमची दामिनी नांदेडला एमेस्सी करून राहिली. सुट्टीला आली अन् भुशाचा ढीग बगून अशी खुलली! 'अप्पा, लाकडाला टणक करतंय ना, ते लिग्निन. ही बुरशी तेच खाती, मग भुशाचं खत होतंय.' म्हणलं, बाई, लाकूड खाणाऱ्याला म्या जन्मभर हाकललं, अन् तू त्याला जेवायला बोलावतीस? पण लेकीचा एमेस्सीचा प्रयोग, अख्खं वर्ष त्या भुशावर... देऊन टाकला ढीग. वीस क्रेट भरले तिनं, ते बी माझ्या टेबलावर! वडलांनी सवताच्या हातानं केलेलं आंब्याचं टेबल हो! भुसा सांडतोय, पाणी गळतंय... दोन महिने रोज पाणी मारलं, कोणी? म्याच!

परवा ती बाजारात गेली. सहज मशीनमागं डोकावलो तर सगळे क्रेट पांढरेफेक! आनंद व्हायला पायजे का न्हाई? झाला बी! पण हातानं तवर ब्रश उचललेला. विसावा क्रेट फासला तवा ध्यानात आलं. हाताला कोण सांगणार?

अन् दुसऱ्या दिवशी तिच्या नांदेडच्या गाईड धम्मप्रिया मॅडम प्रयोग तपासायला येणार! पोरगी रडली न्हाई, ओरडली न्हाई, 'माझी बुरशी मारली' एवढंच म्हणली अन् क्रेटपाशी बसली. आमची बायको शिवकांता म्हणती, 'झालं ते झालं, जेवा.' म्या ताट सरकवलं. लई वाईट वाटलं.

मॅडम आल्या. क्रेटाचा वास घेतला, माझ्याकडं बगितलं. टेबलाखाली लपावं वाटलं... तर मॅडमच खाली वाकल्या! 'दामिनी, इकडे ये! अगं, किती सुंदर वाढ आहे ही!' टेबलाचे मागचे दोन पाय पांढरेफेक! सांडलेल्या भुशातनं बुरशी वर चढलेली. 'वर्ष वाचलं तुझं. फक्त हे टेबल ओलं ठेवा.' दामिनी हसली... मी बी हसलो. काय करणार?

आता रोज सकाळी वडलांच्या टेबलाला पाणी मारून राहिलो. एक पाय मऊ पडलाय. हात ऑइलच्या डब्याकडं जातोय, पण डबा दामिनीनं कुलपात घातला, अन् किल्ली शिवकांताच्या कमरेला. हाताला कोण सांगणार म्हणत होतो ना? सांगितलं त्या दोघींनी!