आई कशानं गेली

रोह्याहून भाची सुनीतीचं पत्र आलं होतं, "मामा, आई कशानं गेली? डॉक्टर विचारतात." पाच महिने मला उत्तर लिहवलं नाही. असल्या गोष्टी भाचीला कशा लिहायच्या? काल पेणच्या दवाखान्यात माझ्या शेजारी दोन बायका बोलत होत्या.

"इंदे, पाळी जाऊन किती वर्षं झाली गो?"

"सहा."

"आनि आता परत अंगावर जातंय?"

"शिमग्यापासून. जाऊ बोलली, जवानी आली तुला परत. हसलो दोघी."

"हसतेस काय? लेकाला सांगायचं ना."

"पोराला असलं सांगतात काय गो? तो डोलवीला कारखान्यात, शिफ्टवर."

"आत डॉक्टरीणबाई विचारतील, आयशीला काय होतं."

"पोटाचं होतं, एवढंच ठाव. बापाला सगळं ठाव होतं. बायकांचं म्हणून बोलला नाय कधी. आता तो पन गेला. कोनाला विचारू?"

मी तिथूनच पोस्टात गेलो. आंतरदेशीय पत्रावर लिहिलं, "सुनीती, तुझ्या आईला गर्भाशयाचा कॅन्सर होता. पाळी गेल्यावर तिला पुन्हा रक्त जात होतं. मला ठाऊक होतं. तू तपासून घे." पत्र चिकटवलं आणि पेटीत टाकलं.