दुसऱ्याचं माफीपत्र

(शिंप्याचं दुकान. सुधारगृहातून सुटलेला मुलगा दाराशी उभा. त्याच्या देखरेखीवरच्या मॅडम फाईल उघडून बसल्या आहेत.)

शिंपीकाका : हे पत्र माझं नाही, बाई.

मॅडम : तुमचंच आहे, काका. यानं सुधारगृहात असताना लिहिलंय.

शिंपीकाका : "तुमची सायकल नेली, चुकलो." मी जन्मात सायकलवर बसलो नाही! यानं माझं दुकान फोडलं. आडवा गेलो, तर माझ्या हातावर शटर ओढून पळाला. दोन वर्षं झाली.

मॅडम : थांबा हं... पण अक्षर तर याचंच आहे.

मुलगा : सगळ्यांची पत्रं माझ्याच अक्षरात आहेत, मॅडम. पोरांना लिहिता येत नव्हतं. ती सांगायची, मी लिहायचो. अकरा लिहिली.

शिंपीकाका : वा! लोकांच्या अकरा माफ्या. आणि स्वतःची?

मुलगा : नाही लिहिली.

मॅडम : अरे, आधी बोलायचंस ना! मीही न वाचताच फाईलला लावलं. चूक माझी, काका. पण तुमची हरकत नाही अशी सही नसेल, तर याला समोर आईकडे राहता येणार नाही. परगावी वसतिगृहात पाठवतील.

शिंपीकाका : ठाऊक आहे. त्याची आई दोन वर्षं मान खाली घालून या दारावरून जाते. तुम्ही जरा गप्प बसा, बाई. का रे, माझ्याच वेळेला शाई संपली?

मुलगा : बसायचो लिहायला. दुसऱ्यांचं पटापट सुचायचं. तुमचं 'काका' एवढं लिहिलं की तुमचं ओरडणं ऐकू यायचं.

शिंपीकाका : ओरडलो, तेव्हा वळून पाहिलंस तू.

मुलगा : पाहिलं. परत येऊन शटर उचलायला हवं होतं. नुसतं उचलायचं होतं, काका. घाबरलो.

शिंपीकाका : तुझी पहिली चड्डी मी शिवलीय, गाढवा. चोर दुसरा कुणी असता तर एवढं लागलं नसतं.

मुलगा : हात अजून दुखतो?

शिंपीकाका : दुखतो. कात्री सुटली ती सुटलीच.

मुलगा : माफ करा, असं कुठल्या तोंडानं म्हणू...

शिंपीकाका : म्हणूही नकोस. इतक्यात जमायचं नाही मला. पण त्या माउलीला तिचं पोर मिळू दे. आणा तो कागद, बाई.

मॅडम : इथं, खाली. हे पेन.

शिंपीकाका : सही डाव्या हातानं करतो हल्ली. वेळ लागेल, थांबा.