आधी कॉम्प्युटर, मग मोबाईल

— नाही, नाही, नाही! एकदा सांगितलं ना कमळे, मला नाही बोलायचं तुझ्या त्या डबीवर. टोपली ठेव खाली, भाजी काय आणलीयस ते दाखव, बाकीचं पुराण नको. काय? 'आत्माराम काका, परेशदादा बोलतो माझ्याशी, कॅनडातून' — हॅ! तुझ्याशी? तुझ्या घरात कॉम्प्युटर आहे? नाही ना? मग मोबाईल चालतो कशावर — हवेवर? अगं, सकाळी टोपली घेऊन जूचंद्रच्या चार बिल्डिंगी फिरणारी तू, तुला कोणीतरी बनवतंय नि तू बनतेयस. हसू नकोस. उभा जन्म फोर्टच्या ऑफिसात गेलाय माझा. तिथे काय होतं? आधी हेड ऑफिसात नोंद, मग शाखेत काम. तसंच हे — कॉम्प्युटर म्हणजे हेड ऑफिस, मोबाईल म्हणजे शाखा. आता हेड ऑफिसचा पत्ता नाही नि शाखा उघडून बसलेत सगळे — रिक्षावाले, खालचा वॉचमन, तू! नुसतं काचेवर बोट घासत बसायचं.

आणि ऐकीव नाही सांगत हं मी. परेशने पहिला मोबाईल घेतला तेव्हा ह्या डोळ्यांनी बघितलंय — घरी आला की वायर काढायचा नि ह्याला जोडायचा. ह्याला, ह्या कॉम्प्युटरला! गाणी ह्यातून त्यात, फोटो त्यातून ह्यात. एकदा मी विचारलं, नाही जोडला तर? तर म्हणाला, बाबा, मग सगळं जाईल. म्हणाला की नाही? मग? आता म्हणे वायरच लागत नाही. आणि तो फोन काय असा माझ्या तोंडासमोर धरून उभी राहिलीयस, आरसा दाखवल्यासारखा? धर खाली. नाही धरायचा? धर मग तसाच, हात दुखेल तुझाच.

बघ, हे विणलेलं झाकण तुझ्या काकूने, सुमेधाने केलंय ह्याच्यावर. दसऱ्याला हळद-कुंकू, झेंडूचा हार — पोराला ह्यानेच शिकवलंय, फुकट नाही. तो तिकडे गेल्यावर गणपतीत ह्याला मखराच्या बाजूला बसवायचो. परेश ह्याच्यात, आम्ही इकडे, आरती सोबत. टाळ्या त्याच्या जरा मागून ऐकू यायच्या, सुमेधा म्हणायची, असू दे, देवाला कळतं. तर ह्या मे महिन्यात आला नि काय म्हणाला साहेब? — 'बाबा, हे भंगारात द्या.' माझ्यासमोर! ह्याला हात लावून! वर एक मोबाईल आणलेला माझ्यासाठी. तो कपाटात आहे, सुमेधाच्या साड्यांखाली, खोक्यातून काढलेला नाही. हा कॉम्प्युटर बंद पडलाय, दुरुस्त झाला की जोडू दोघांना. नायगाव स्टेशनजवळचा तो मेकॅनिक आलेला — तोही तसलाच, स्क्रू काढायच्या आधीच म्हणे, काका, आता हे कोण वापरतं? म्हटलं, चहा संपव नि चालता हो.

मध्ये बोलू नकोस, कमळे. तुझं ते 'पन काका, पन काका' — पण काय? मी परेशला तोंडावर सांगितलं, बोलायचं तर ह्याच्यावर बोल, नाहीतर बोलू नकोस. साध्या फोनवर केला त्याने दोन-चारदा, मी कट केला. का? का म्हणजे? बापाचा शब्द आहे! तेव्हापासून नाही आला त्याचा फोन. पाळतो बघ शब्द माझा. कधी ऐकलं नाही कार्ट्याने — थंडीत टोपी घाल म्हटलं, नाही ऐकलं, आई आहे तोवर ये म्हटलं, नाही ऐकलं — आणि हे तेवढं ऐकलं! गाढव कुठला.

काय? नटून कुठे? दाढी केली, त्यात काय, रविवार आहे. रविवारी सकाळी परेश ह्याच्यावर कॉल लावायचा. इस्त्रीचा शर्ट घालतो, खुर्ची ओढतो, बसतो ह्याच्यासमोर. बंद आहे ते मला दिसतं गं, आंधळा नाही झालो. तरी बसतो. कुठे बसू मग? तो हॉल बघ, घर खायला उठतं. माणूस स्वतःशी किती बोलणार? परवा त्याचा आवाज आठवायला बसलो — नाही आला. सुमेधाचा आला, ऑफिसातल्या शिपायाचा आला, पोराचा नाही आला. सांग, बापाला असं व्हावं? आता ते तुला सांगून काय उपयोग. आणि हे तुझ्या त्या परेशदादाला सांगायचं नाही हं. सांगशील कसं म्हणा, कॉम्प्युटर कुठाय तुझ्याकडे!

रडतेस कशाला? तू नाही? मग हुंदका कोणी दिला? दरवाजा बंद आहे, जिन्यात कोणी नाही — कमळे, कोण म्हणालं 'बाबा'? परत म्हणालं. हा — हा तुझ्या फोनमधून —

बघू. आण इकडे. चष्मा… थांब.

कधीपासून होता हा? मगाचपासून? मी 'गाढव' म्हटलं तेव्हा होता?

एवढासा दिसतोयस रे. टोपी नाही घातलीस. जेवलास का?

कमळे, तू जा आता. भाजी राहू दे, नंतर बघू. जा म्हणतो ना. अगं अगं — फोन कुठे नेतेस? तो ठेवून जा.